हॅल्स्टनची बस

आमच्या कॉलेजात बास्केटबॉलचा नवा कोच किती टिकणार हे मला पहिल्या सामन्यानंतर अर्ध्या तासात कळायचं. सामना संपला की तीनशे खुर्च्या घडी करून गाड्यांवर चढवायच्या असतात. जो कोच आपल्या पोरांना घेऊन खुर्च्या उचलायला थांबतो, तो तीन वर्षं राहतो. जो हात मिळवत मिळवत दाराकडे सरकतो, तो दोन. जो माझ्या खांद्यावर थाप मारून "लाइल, जिम काय ठेवलीय तुम्ही" म्हणतो, तो एकच.

सेंट वेंडेलिन कॉलेजच्या त्या जिमची लाकडी जमीन मी पस्तीस वर्षं झाडली, पुसली, आणि दर उन्हाळ्यात घासून तिला वार्निशचे दोन हात दिले. माझ्या सामानाच्या खोलीला लागूनच खेळ विभागाचं ऑफिस होतं. तिथे लव्हॉन पोस्पिशिलबाई बसायच्या. मधली भिंत पुठ्ठ्याइतकी जाड. त्यामुळे बाईंचं निम्मं काम मी ऐकलं आहे, आणि निम्मं सकाळी दहाला त्यांच्याकडे कॉफी प्यायला जायचो तेव्हा पाहिलं आहे.

त्या आल्या होत्या दोन आठवड्यांसाठी, टायपिंगला. दुसऱ्या आठवड्यातल्या बुधवारी कोच नोकरी सोडून गेला. हंगाम तीन आठवड्यांवर. वेळापत्रक म्हणून त्याने मागे ठेवला बुटांचा एक खोका, आणि त्यात चिठ्ठ्या. "एकवीस? बघू." "ते येतील म्हणाले, बहुतेक." एकीवर नुसतंच, "डेव्हला फोन." नेब्रास्का आणि आयोवा या दोन राज्यांतल्या कॉलेजांत मिळून सात डेव्ह निघाले. बाईंनी सातही डेव्हना फोन केले. सहावा आमचा होता. सातव्याला कशाला केला म्हणून विचारलं तर म्हणाल्या, "यादीत होता."

तेव्हापासून वेळापत्रक त्यांच्याकडे राहिलं. चौतीस वर्षं.

एक तारीख ठरवायला किती मेहनत लागते हे लोकांना माहीत नसतं. त्यांची जिम मोकळी हवी, आपली हवी. आपल्या जिमच्या एका टोकाला रंगमंच आहे, तिथे त्या आठवड्यात गायनाचा कार्यक्रम नको. परीक्षा नकोत. हरणांच्या शिकारीचा पहिला शनिवार तर नकोच, कारण त्या दिवशी सगळे पंच बंदुका घेऊन झाडावर बसलेले असतात. बाई एकेका तारखेला दहा-अकरा फोन करत. मग गावातल्या धान्याच्या गोदामाकडून मिळालेल्या मोठ्या कॅलेंडरवर शिसपेन्सिलने लिहीत. दोन्ही कॉलेजांच्या सह्या आल्या की त्यावरून निळ्या शाईने. सही आल्याखेरीज शाई नाही. कोणी कितीही शपथा घेवोत.

या सगळ्यात गोम अशी की वेळापत्रक वर्षभर आधी ठरतं आणि कोच तेवढं टिकत नाही. म्हणजे सामने ठरवतो एक आणि खेळतो दुसरा. एका कोचचं म्हणणं होतं, पोरं मोठ्या संघांकडून हरली की शिकतात. त्याने पुढच्या वर्षी आठ मोठे संघ घातले आणि मार्चमध्ये निघून गेला. ते आठ पराभव नव्या कोचच्या नावावर लागले. त्याने वैतागून त्याच्या पुढच्या वर्षासाठी सगळे दुबळे संघ ठरवले. तोवर त्यालाच काढलं. त्याच्या जागी आलेला पोरगा काहीही न करता एकोणीस सामने जिंकला, हुशार ठरला, आणि मोठ्या कॉलेजने त्याला उचललं.

मुलींच्या संघाची कोच मात्र सतरा वर्षं एकच होती. तिच्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. ती काम करायची.

मुलांच्या संघाचे चौदा कोच झाले. गावातल्या बेकरीवाल्याने केकवर नाव घालणं सोडून दिलं. नुसतंच "शुभेच्छा, कोच." तोच केक निरोपाला चालायचा, तोच स्वागताला. दारावरच्या नावाच्या पाटीला चार भोकं असतात. पहिल्या पाच कोचना मी चार स्क्रू लावले. सहाव्यापासून दोन लावू लागलो, वरचा डावा आणि खालचा उजवा. अर्धवट काम मला आवडत नाही. पण वाया गेलेलं काम त्याहून आवडत नाही.

आता हॅल्स्टन.

हॅल्स्टन कॉलेज आमच्यापासून एकशे साठ मैलांवर. त्यांची जिम नवी, खुर्च्यांना पाठी, तापमान सगळीकडे सारखं. आमच्या जिममध्ये बास्केटच्या मागे चार फुटांवर भिंत आहे, तिला गाद्या बांधल्या आहेत, आणि ऊब देणारे वाफेचे नळ ऐन वेळी खणखणतात. लहान कॉलेजांमध्ये रीत अशी की या वर्षी आम्ही तुमच्याकडे, पुढच्या वर्षी तुम्ही आमच्याकडे. आम्ही हॅल्स्टनला तीनदा गेलो. ते एकदाही आले नाहीत. दर वेळी त्यांचा कोच बाईंना म्हणे, "पुढच्या वर्षी नक्की." पुढच्या वर्षी कोच नवा. तो म्हणे, "ते आधीच्याने कबूल केलेलं. मला काही माहीत नाही."

बाईंच्या कॅलेंडरवर दर वर्षी जानेवारीतल्या एका शनिवारी पेन्सिलने लिहिलेलं असे, हॅल्स्टन, इथे. दर वर्षी ते चार-चार वेळा लिहिलं आणि खोडलं जाई. सहा वर्षांची कॅलेंडरं त्यांनी ठेवली होती. प्रत्येकावर त्या एका चौकोनात कागद खोडून खोडून पातळ झालेला.

"बाई, सोडून द्या," मी एकदा म्हणालो. "येत नाहीत तर नाही. दुसरे येतात."

"लाइल, तू रंगमंचाखालची धूळ पुसतोस. ती कोण बघतं?"

"कोणी नाही."

"मग?"

मी कॉफी प्यायलो.

बाईंचं शेवटचं वर्ष आलं. नाताळला निवृत्ती. त्याच वसंतात आमचा तेरावा कोच, ब्राइस डनवे, हॅल्स्टनला कोच म्हणून गेला. हा खांद्यावर थाप मारणारा. माझा अंदाज एक वर्षाचा होता, तो दोन राहिला. ती चूक माझी. तो गेल्यावर आठवड्याने टपालात एक कागद आला. डनवेने जायच्या आधी बाईंना न सांगता हॅल्स्टनशी करार केला होता. सहा फेब्रुवारीला आमचा संघ हॅल्स्टनला जाणार. चौथ्यांदा.

बाईंनी कागद दोनदा वाचला. चष्मा पुसला. तिसऱ्यांदा वाचला.

"हा तिकडे नोकरी मागायला गेला होता," त्या म्हणाल्या, "आणि जाताना आमचा संघ भेट म्हणून घेऊन गेला."

आणि आमच्याकडे चौदावा कोच म्हणून आला कोण, तर वेड लिंडक्विस्ट. हॅल्स्टनने डनवेला घेण्यासाठी ज्याला काढलं, तोच. उंच, उदास माणूस, ओहायोचा. मी त्याची पाटी लावत होतो तेव्हा मागे येऊन उभा राहिला.

"दोनच स्क्रू?"

"बाकीचे दोन पुढच्या वर्षी."

तो हसला नाही. "योग्य आहे," म्हणाला.

पहिल्याच सोमवारी बाईंनी त्याला ऑफिसात बसवलं. पुढ्यात कॉफी आणि दालचिनीचा रोल. मी कोपऱ्यात होतोच.

"वेड, तू तिकडे दोन वर्षं होतास. मला तू स्वतः सांगितलंस, पुढच्या वर्षी नक्की येतो. का आला नाहीस?"

लिंडक्विस्टने रोलकडे पाहिलं. "खरं सांगू, बाई?"

"नाहीतर रोल परत ठेव."

"तुमच्या जिममध्ये हरायची भीती वाटते. ती भिंत, ते नळ. आणि इकडे यायची गरज काय? तुम्ही दर वेळी येताच. आमच्याकडे, म्हणजे त्यांच्याकडे, फेब्रुवारीत माजी विद्यार्थ्यांचा मेळावा असतो. त्या दिवसासाठी हमखास हरणारा संघ लागतो. जुने लोक आपलं कॉलेज हरताना बघायला तीनशे मैल गाडी चालवत येत नाहीत."

"आणि तो संघ आम्ही."

"तिकडे तुमचं नाव मेळाव्याच्या यादीत जेवणाच्या वर असतं."

मला वाटलं बाई चिडतील. त्यांनी पेन्सिलला टोक काढलं. बराच वेळ काढलं.

"सहा फेब्रुवारी म्हणजे मेळावाच ना?"

"हो."

"पत्रकं छापली असतील?"

"ऑगस्टमध्येच छापतात."

बाईंनी फोन ओढला आणि आकडे दाबले. न बघता दाबले.

"ब्राइस, मी लव्हॉन."

पलीकडचा आवाज मोठा होता. आम्हा दोघांना ऐकू येत होतं. "अरे वा, लव्हॉनबाई. फार आठवण येते तुमची."

"येणारच. नऊ जानेवारीला, शनिवारी, तुझा संघ इकडे येतोय. दुपारी तीन वाजता."

"बाई, बाई. ते जुने वायदे. आधीच्या कोचने काय कबूल केलं त्याला मी कसा बांधील? मी नवा माणूस."

"म्हणजे कोच गेला की त्याचा शब्दही गेला?"

"तसंच आहे ना. सगळीकडे तसंच चालतं. तुम्हाला काय सांगायचं."

"बरं झालं तू स्पष्ट सांगितलंस. आता मला एक बघून सांग. सहा फेब्रुवारीच्या करारावर आमच्या कॉलेजच्या बाजूने सही कोणाची आहे?"

पलीकडे कागद चाळल्याचा आवाज झाला.

"माझी."

"तो कोच गेला रे."

लिंडक्विस्टने रोल खाली ठेवला.

"बाई, मेळाव्याची पत्रकं निघालीत," डनवे म्हणाला. आवाज आता लहान झाला होता. "तुमच्या संघाचं नाव आहे त्यात. आता सप्टेंबरात मी दुसरा संघ कुठून आणू?"

"हेच मी चौतीस वर्षं लोकांना विचारतेय. सोपं आहे. यादी घ्यायची, पहिल्यापासून फोन करायचे."

"तुम्हाला हे लिंडक्विस्टने शिकवलं."

"तो समोर बसलाय. बोलतोस?"

डनवेला बोलायचं नव्हतं. चार दिवसांनी सही केलेला कागद आला. नऊ जानेवारी, सेंट वेंडेलिन, दुपारी तीन. मी बाईंना शाईचं पेन दिलं. त्यांनी घेतलं नाही.

"सही आली की शाई, हा तुमचाच नियम," मी म्हणालो.

"हॅल्स्टनला नाही. बस दिसेल तेव्हा."

डिसेंबरच्या अठराला बाईंचा निरोप झाला. कॉलेजचे अध्यक्ष डॉ. फेल्ट्झ बोलले. बेकरीवाल्याने पहिल्यांदा केकवर नाव घातलं, पूर्ण, आडनावासकट. बाईंनी दोन तुकडे खाल्ले. सोमवारी सकाळी आठला त्या नेहमीच्या खुर्चीत होत्या.

डॉ. फेल्ट्झ दारात थबकले. "लव्हॉन, तुम्ही शुक्रवारी निवृत्त झालात."

"केक खाल्ला. कागदावर सही केलेली नाही."

"नव्या बाई अकरा जानेवारीला येतात. त्या बघतील ना सगळं."

"बघतील. नऊला एक सामना आहे, तो मी बघते."

डॉ. फेल्ट्झ भले गृहस्थ. त्यांनी जरा विचार केला. "ठीक. नऊ तारखेपर्यंत. पण सामना झाला तरी सही, आणि नाही झाला तरी सही. मग तक्रार नको."

"नाही करणार," बाई म्हणाल्या. चौतीस वर्षांत मी त्यांचा आवाज तेवढा बारीक कधी ऐकला नव्हता. अकरा तारखेनंतर हॅल्स्टनचं कोणाला काय पडलंय, हे त्यांनाही कळत होतं.

आठ जानेवारीला बर्फ पडायला लागलं. नऊला सकाळी पडतच होतं. मी पाचला आलो. गाड्या लावायची जागा एकदा साफ केली. सातला पुन्हा केली. आठला ऑफिसातला फोन वाजला तेव्हा मी बूट झटकत दारात उभा होतो.

"बाई, फार वाईट वाटतंय," डनवे म्हणाला. त्याला वाईट वाटत नव्हतं. "पीटरसनच्या टेकडीपाशी रस्ता बंद आहे. पोरांचा जीव धोक्यात घालू शकत नाही मी."

"नको घालूस. थांब जरा."

बाईंनी त्याला तसंच थांबवून दुसऱ्या फोनवरून आपल्या दिराला फोन लावला. ड्वेन. तो सरकारी रस्त्यांवरचं बर्फ काढायचा ट्रक चालवतो. बावीस वर्षं चालवतोय, आणि त्याचा पट्टा म्हणजे पीटरसनच्या टेकडीपासून आमच्या गावापर्यंत.

"ड्वेन, टेकडीपाशी रस्ता बंद आहे का?"

"बंद कशाला असेल? मी टेकडीवरच उभा आहे. कॉफी पितोय."

"पलीकडे? हॅल्स्टनच्या बाजूला?"

"तिकडे रॉनी आहे. चार वाजल्यापासून साफ करतोय. वहिनी, आमच्या कामाबद्दल कोणाची तक्रार आहे का?"

"आहे. हॅल्स्टनचा कोच म्हणतो रस्ता बंद."

आपण पहाटेपासून केलेल्या कामाबद्दल कोणी असं म्हटलं तर काय वाटतं ते मला माहीत आहे.

"त्याला सांग," ड्वेन म्हणाला, "साडेबाराला मी टेकडीच्या पायथ्याशी उभा राहतो. बसने माझ्या मागे यायचं. पुढे पन्नास मैल मी स्वतः नेतो. रस्ता बंद म्हणे."

बाईंनी पहिला फोन उचलून निरोप शब्दशः सांगितला. डनवे म्हणाला, बसचा ड्रायव्हर तयार नाही. बाई म्हणाल्या, ड्रायव्हरला दे. ड्रायव्हर आला. बाईंनी त्याच्या बायकोचं गुडघ्याचं दुखणं विचारलं, नावासकट. आजूबाजूच्या सगळ्या कॉलेजांचे ड्रायव्हर त्यांना माहीत होते.

"मी कुठे नाही म्हणालो," हळू आवाजात ड्रायव्हर म्हणाला. "सातपासून गाडी तापवून बसलोय. कोच म्हणाले थांब."

मी तिसऱ्यांदा बर्फ काढायला गेलो.

दोन वाजता बाई कोट घालून बाहेर आल्या आणि पायरीवर उभ्या राहिल्या. मी म्हणालो, आत थांबा, आली की सांगतो. त्यांनी ऐकलं नाही. सव्वादोन झाले. अडीच. आत आमची पोरं चेंडू आपटत होती, राजमा-खिम्याच्या चिलीचा आणि दालचिनीच्या रोलचा वास दारातून येत होता, आणि लिंडक्विस्ट दर पाच मिनिटांनी काचेतून डोकावत होता. दोन पस्तीसला धान्याच्या गोदामापाशी पिवळा दिवा दिसला. ड्वेनचा ट्रक, बर्फ लोटायचा फाळ खाली, दिवा फिरतोय, आणि मागे वरातीसारखी संथ चालीने हॅल्स्टनची बस. ड्वेन सरळ आत शिरला आणि मी तीनदा साफ केलेली जागा त्याने चौथ्यांदा साफ करून दाखवली. त्याबद्दल मी त्याला अजून काही बोललेलो नाही.

डनवे उतरला. बाईंना पाहून त्याने हात पसरले. बाईंनी त्याच्या हातात टॉवेलांची टोपली दिली.

"पाहुण्यांची खोली डावीकडे. तुला माहीतच आहे."

आम्ही हरलो. बावीस गुणांनी. नळ खणखणले, पण त्यांच्या पोरांनी लक्ष दिलं नाही. इतकी वर्षं ते ज्याला घाबरत होते त्यात काहीच नव्हतं. बाईंनी सामना पाहिला की नाही मला ठाऊक नाही. मध्यंतरात मी आत डोकावलो तर त्या ऑफिसात होत्या, कॅलेंडर टेबलावर उतरवून ठेवलेलं. पेन्सिलवरून शाई फिरवत होत्या. कागद पातळ होता म्हणून सावकाश.

सामन्यानंतर लिंडक्विस्ट दारात आला. मान खाली. "माफ करा, बाई. तुमच्या शेवटच्या दिवशी."

"तू हरलास, ते तुझं काम. ते आले, ते माझं." त्यांनी टोपण लावलं. "आणि अजून दोनदा यायचे आहेत. हे पुढच्या वर्षीच्या कॅलेंडरवर लिहून ठेवलंय. पेन्सिलने. नव्या बाईंना सांग."

मग त्यांनी डॉ. फेल्ट्झचा कागद पुढे ओढला आणि त्याच पेनाने सही केली.

फेब्रुवारीत आमचा संघ हॅल्स्टनला गेला आणि भर मेळाव्यात चार गुणांनी जिंकला. तिकडच्या माजी विद्यार्थ्यांनी म्हणे जेवण तसंच टाकलं. डनवेला एप्रिलमध्ये नारळ मिळाला.

लिंडक्विस्ट त्या नऊ तारखेला, बावीस गुणांनी हरल्यावर, आपल्या पोरांना घेऊन सगळ्या खुर्च्या उचलून मगच घरी गेला. म्हणून मी त्याच्या पाटीला तिसरा स्क्रू लावला. मेमध्ये त्याला टेक्सासहून बोलावणं आलं. तीन काढायला जास्त वेळ लागला, एवढंच.

बाईंची पाटी मी त्या अकरा जानेवारीला, सोमवारी, काढायला घेतली होती. चार स्क्रू, मीच लावलेले. त्यानंतर त्या दारावर तीनदा रंग चढला होता आणि पाटी न काढताच रंगवलं होतं, म्हणून स्क्रूच्या खाचा भरून गेल्या होत्या. आधी खिळ्याने रंग खरवडला. मग तेल घातलं आणि थांबलो. पहिले तीन निघाले. चौथा हलेना. नव्या बाई शेजारी उभ्या होत्या, त्यांची पाटी हातात घेऊन.

"राहू द्या ना," त्या म्हणाल्या. "माझी वरूनच लावा."

मी म्हणालो, तसं काम मी करत नाही. चाळीस मिनिटं लागली.

नव्या बाईंनी विचारलं, किती स्क्रू लावणार?

मी कॅलेंडरकडे पाहिलं. त्यांनी ते तोवर भिंतीवर सरळ टांगलं होतं, आणि पेन्सिलीला टोक काढून ठेवलं होतं.

चार लावले.